पकड सोडताना

पोलादाला गंजाचे भय असते. म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देतात. मोटारीच्या पत्र्यावर तो जेमतेम सात ते दहा मायक्रॉन जाडीचा असतो; माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड. मुलाम्यावर ओरखडा उमटला तरी आधी जस्त झिजते, पोलाद वाचते. असे झिजणारे कोणीतरी घराघरांत असते. त्याची जाडी तिथे कोणी मोजत नाही.

मोटारीच्या बॉडीत असे पत्रे हजारो स्पॉट वेल्डनी जोडलेले असतात. तांब्याच्या दोन टिपा पत्रे दोन्हीकडून दाबतात. आठ-दहा हजार अँपिअरचा प्रवाह जातो. अर्ध्या सेकंदाच्या आत स्पॉट बसतो. जोडले जाणे म्हणजे क्षणभर वितळणे. जो मुळीच वितळत नाही, तो कोणाला जोडलाही जात नाही.

जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळते. पोलादाला सुमारे १५०० अंश लागतात. स्पॉटच्या कडेला एक पट्टा असा असतो, जिथे पोलाद घट्ट असते आणि जस्ताचे पाणी झालेले असते. जोडाला कधी तडा गेला तर तो तिथे जातो, साधारण ७०० ते ९०० अंशांच्या मध्ये. आच एकच असते, ती दोघांना सारखी लागत नाही. एकाचे पाणी होते, तेव्हा दुसऱ्याला नुसती धग जाणवत असते. जवळच्या माणसांतले गैरसमज बहुधा याच अंतरात जन्मतात.

पोलाद एकसंध दिसते. आत ते सूक्ष्म कणांचे बनलेले असते. वितळलेले जस्त कणांच्या सीमांत शिरते आणि ताण त्या सीमा उघडतो. सूक्ष्मदर्शकाखाली तडा कणांना वळसे घेत गेलेला दिसतो. कण शाबूत असतात. घरेही अशीच मोडतात. माणसे शाबूत राहतात, मधले तुटते.

मऊ पोलादात हे तडे क्वचित दिसतात. ताण आला की ते थोडे सरते, ताण ओसरतो. ९८० मेगापास्कल आणि त्यापुढच्या ताकदीचे पोलाद सहजी सरत नाही. तेच त्याचे बळ. ते ताण धरून ठेवते, आणि धरलेला ताणच पुढे जस्ताला वाट करून देतो. खंबीर माणसाविषयी सगळे निश्चिंत असतात. त्याला तडा गेला की आश्चर्य करतात. तोवर त्याने काय काय धरून ठेवले होते, याची चौकशी कोणी केलेली नसते.

वितळलेला धातू, त्याला बळी पडणारे पोलाद आणि ओढणारा ताण. तिन्ही एका वेळी, एका जागी आले तरच तडा जातो. एक वजा केले की उरलेली दोन निरुपद्रवी. दोष शोधणारा एकाकडे बोट दाखवतो. जाणता माणूस तिघांची गाठ कधी पडली ते पाहतो. दोषी लवकर सापडतो. कारण सापडायला वेळ लागतो.

प्रवाह थांबला की काम संपल्यासारखे वाटते. टिपांचा दाब असेपर्यंत पत्रा आवळलेला असतो. टिपा उठतात तेव्हा ताणाची दिशा पालटते. जस्त तोवर गोठले नसेल, तर ते त्याच घडीला आत उतरते. म्हणून प्रवाह बंद झाल्यावरही टिपा काही वेळ तशाच दाबून धरतात. त्यांच्या आतून पाणी खेळत असते. ते उष्णता ओढून नेते. जस्त गोठते. मग टिपा उठतात. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. हजारो स्पॉटांच्या हिशेबात तेवढाही जड होतो, आणि घाई नेमकी तिथेच करावीशी वाटते.

भांडण मिटले की माणूस हात काढून घेतो. शब्द थांबलेले असतात. आतले निवलेले नसते. काही दारांतून मी असा लवकर बाहेर पडलो आहे. त्या वेळी सारे जुळले आहे असेच वाटले होते.

वेल्ड तपासायचा तर नमुना कापतात, घासतात, पॉलिश करतात आणि भिंगाखाली धरतात. तडा आहे की नाही ते कळते. पण कापलेला तो जोड पुन्हा कामाला येत नाही. माणसांत असा नमुना काढता येत नाही. तिथे निवेपर्यंत हात ठेवावा लागतो. आणि निवले की नाही, ते ठेवलेल्या हातालाच कळते.