सोडून जाणाऱ्याचा धर्म

ज्याने आपली जागा घेतली, त्याच्याच हाती ती नीट सोपवणं हे आपलं कर्तव्य ठरतं का? अपरिग्रहाबद्दल बोलणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ब्रिटनच्या प्रादेशिक दूरचित्रवाणीत त्याची चांगली परीक्षा झालेली आहे. आयटीव्ही या वाहिनीच्या निरनिराळ्या प्रदेशांचे परवाने तिथे ठरावीक मुदतीसाठी खासगी कंपन्यांना मिळत. २८ डिसेंबर १९८० रोजी नियामक संस्थेने निर्णय दिला: दक्षिण इंग्लंडात सदर्नच्या जागी टीव्हीएस येईल, नैर्ऋत्येला वेस्टवर्डच्या जागी टीएसडब्ल्यू. हरलेल्यांना अजून वर्षभर प्रक्षेपण चालवायचं होतं आणि त्याच वर्षात जिंकलेल्यांना तयारी करायची होती. वेस्टवर्ड टीएसडब्ल्यूने विकत घेतली आणि १९८१च्या ऑगस्टपासून जुन्याच नावाने चालवली. सदर्नने मात्र साउदॅम्प्टनच्या स्टुडिओचं दार बंद ठेवलं. टीव्हीएसची माणसं वाहनतळातल्या तात्पुरत्या केबिनांत बसून काम करू लागली, आणि सदर्नच्या शेवटच्या रात्रीच्या कार्यक्रमात त्या केबिनांवरून त्यांना हिणवणारं गाणं गायलं गेलं.

सदर्नने कायदा मोडला नव्हता. इमारत तिची होती, मुदत संपलेली नव्हती. पण परवाना तिच्या मालकीचा कधीच नव्हता. तो त्या प्रदेशातल्या प्रेक्षकांच्या वतीने तिच्याकडे ठेवायला दिलेला होता. गांधीजींनी आत्मकथेत सांगितलं आहे की गीतेतला अपरिग्रह त्यांना उलगडला तो इंग्रजी कायद्यातल्या विश्वस्ताच्या कल्पनेमुळे: विश्वस्ताच्या हाती कोट्यवधी असले तरी त्यातली एक पैही त्याची नसते. मला हे इथे तंतोतंत लागू वाटतं. विश्वस्त खरा की नाही, हे कारभार चालू असताना फारसं कळत नाही, कारण तेव्हा मालक आणि विश्वस्त सारखेच वागतात. ते कळतं किल्ल्या देताना.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडून एवढ्या औदार्याची अपेक्षा कशी करता? आक्षेप वजनदार आहे. वर्षानुवर्षं उभी केलेली संस्था एका निर्णयाने जाते, तेव्हा राग येणारच, आणि गीताही अन्याय मुकाट्याने सोसायला सांगत नाही. पण अन्यायाची दाद मागणं वेगळं आणि वारसाची वाट अडवणं वेगळं. परवान्यांच्या १९९१च्या फेरीत टीव्हीएसने ५ कोटी ९८ लाख पौंडांची बोली लावली. ती परवडणारी नाही असं ठरवून परवाना ३ कोटी ६५ लाखांच्या मेरिडियनला दिला गेला. टीएसडब्ल्यूही त्याच फेरीत गेली. तिने न्यायालयाचं दार ठोठावलं, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढली आणि हरली. भांडायचं तर असं, निर्णय देणाऱ्याशी. दुसरा आक्षेप असा की वेस्टवर्ड काही निष्काम नव्हती, तो सरळ विक्रीचा व्यवहार होता. कबूल, तिला मी संत ठरवत नाही. मात्र हेतू व्यवहाराचा असूनही हस्तांतर सुरळीत होऊ शकलं, म्हणजे हे कर्तव्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं नाही. सदर्नची तक्रार खरी असेलही. पण ती नियामकाविरुद्ध होती, आणि तिची शिक्षा केबिनांत बसलेल्यांना देण्याचा अधिकार सदर्नला नव्हता.