देवासाठी की दिखाव्यासाठी?



इटलीतील टस्कनी प्रांतातून आम्ही काही यात्रेकरू छोट्या बसने प्रवास करीत होतो. द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांमधून रस्ता वळणे घेत जातो आणि टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचे एखादे जुने गाव दिसते. सान जिमिन्यानो तर दुरूनच ओळखू येते ते उंच दगडी मनोऱ्यांमुळे. मध्ययुगात तेथील श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने असे सुमारे ७२ मनोरे बांधले. त्यांतील १४ आज उरले आहेत. ते पाहून आम्ही हसलो. 'काय हा माणसाचा गर्व!' असे म्हणून पुढे निघालो.

सिएनाला पोहोचल्यावर मात्र ते हसू मावळले. तेथील कॅथेड्रलशेजारी एक प्रचंड भिंत उभी आहे. फ्लॉरेन्सवर मात करायची या ईर्ष्येने सिएनाकरांनी १३३९ साली आपले कॅथेड्रल वाढवायला घेतले. असलेले अख्खे मंदिर नव्या मंदिराचा केवळ आडवा भाग ठरणार होते! १३४८ साली प्लेग आला. असंख्य माणसे दगावली आणि काम थांबले ते कायमचेच. आम्हाला प्रश्न पडला, ही भिंत देवासाठी उभारली की फ्लॉरेन्सला दाखवण्यासाठी?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, कृती चांगली असली तरी हेतू वाईट असेल तर ती बिघडते. लौकिकासाठी केलेल्या दानधर्माचे उदाहरण ते देतात. पण अगदी निर्मळ हेतू आपल्यापैकी कुणाचा असतो? मन पूर्ण शुद्ध होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर मंदिर उभे राहणार नाही आणि भुकेल्याला घासही मिळणार नाही.

या कोड्याचे उत्तर आम्हाला कॅथेड्रलच्या समोरच सापडले. तेथे सांता मारिया देल्ला स्काला हे जुने रुग्णालय आहे. आता ते वस्तुसंग्रहालय झाले असले, तरी शतकानुशतके तेथे यात्रेकरू, रुग्ण आणि टाकून दिलेली बालके यांना आसरा मिळाला. १३४७ साली सिएनात जन्मलेल्या संत कॅथरिनने येथे रुग्णसेवा केली. १३७४ साली प्लेग परत आला, तेव्हाही ती रुग्णांजवळच राहिली. साथीने भिंतीचे काम बंद पाडले, सेवेचे मात्र बंद पाडू शकली नाही.

आपल्या हेतूची कसोटी कदाचित हीच असावी. पाहणारे निघून गेल्यावर आपले काम चालू राहते का? सणाची रोषणाई शेजारच्या धर्मग्रामापेक्षा कमी पडू नये, ही काळजी आम्हालाही असते, हे कबूल केले पाहिजे. पाटीवर नाव येणार नाही असे समजले, तर आपण तेवढीच देणगी देऊ का? अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसाकडे पहिल्या आठवड्यात सारा गाव जातो. सहाव्या महिन्यात कोण जाते?

या आठवड्यात असे एक दार आपण ठोठावू या, आणि ते कुणाला सांगू नये. प्रभू येशू पाहतो, तेवढे पुरे आहे.