सुरुवात दिसू द्यावी

पायथनच्या पुष्कळ स्क्रिप्टच्या तळाशी दोन ओळी असतात. ‘इफ __नेम__ == "__मेन__"’ ही एक आणि तिच्याखाली मेन फंक्शनला मारलेली हाक. फाइल थेट चालवली की पायथन तिला ‘__मेन__’ म्हणतो. दुसऱ्या फाइलने ती इम्पोर्ट केली, तर तिचं मूळ नाव कायम राहतं. म्हणजे ती ओळ एवढंच विचारते, की आज काम माझ्यावर सोपवलंय की मी दुसऱ्याच्या मदतीला आलेय?

नव्याने शिकणाऱ्याला या ओळींचा कंटाळा येतो. सी भाषेत मेन आपसूक चालतं, मग इथे हा सोपस्कार कशाला? २००२ साली पेप २९९ या प्रस्तावात पायथनसाठी तशीच सोय सुचवली होती. ती नाकारली गेली. २००४ मध्ये पायथन २.४ बरोबर डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या व्याख्येवर एक ओळ लिहून ते दुसऱ्या फंक्शनच्या हवाली करण्याची सोय, आले आणि एक पळवाट सापडली. फंक्शन कोणत्या मॉड्यूलमधलं आहे हे तपासून, ते ‘__मेन__’मधलं असेल तर लगेच चालवणारा डेकोरेटर लिहायचा आणि मेनच्या डोक्यावर ठेवायचा. तळाच्या दोन ओळी गेल्या.

पण डेकोरेटर लागू होतो तो फंक्शनची व्याख्या पूर्ण होताक्षणी, आणि पायथन फाइल वरून खाली वाचत जातो. मेन वर असेल आणि ते ज्याला बोलावतं ते, समजा ‘अहवाल_छापा’ नावाचं फंक्शन, खाली असेल, तर पानं मांडायच्या आधीच वाढायला निघाल्यासारखं होतं. ‘नेमएरर’ येतो आणि काम तिथेच थांबतं. उपाय एकच, मेन सगळ्यात शेवटी न्यायचं. म्हणजे सुरुवात पुन्हा तळाशीच आली, फक्त आता ती दिसत नाही. शिवाय डेकोरेटरने फंक्शन परत करायचं राहिलं, तर ‘मेन’ हे नावच रिकामं होतं आणि चाचणीसाठी ते इम्पोर्ट करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

डेकोरेटर वाईट नाहीत. कमांड लाइनची साधनं बनवणारी ‘क्लिक’ ही लायब्ररी त्यांच्यावरच उभी आहे. फंक्शनला कोणते पर्याय लागतात, त्यांची मूळ मूल्यं काय, हे सगळं ती डेकोरेटरनेच सांगते. तरीही तिच्या माहितीपुस्तिकेतल्या पहिल्या उदाहरणाच्या शेवटी त्याच दोन ओळी आहेत. वर्णन डेकोरेटरकडे सोपवलं, सुरुवात मात्र लिहिणाऱ्याच्या हाती ठेवली. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

दोन ओळी वाचवल्या तर लिहिणाऱ्याचे काही क्षण वाचतात; त्याची किंमत पुढे प्रत्येक वाचणारा मोजतो. पुष्कळ गोष्टी आपोआप व्हाव्यात, त्यासाठीच तर आपण प्रोग्रॅम लिहितो. पण काम कुठून सुरू होतं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे उद्या ती फाइल उघडणाऱ्याला शोधत बसावं लागू नये. तेवढ्यासाठी त्या दोन ओळी हातानेच लिहाव्यात.