पुसणे आणि क्षमा करणे

शाळेच्या संगणक कक्षातील किंवा ग्रंथालयातील संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो. कोणी त्याची मांडणी बदलतो, कोणाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरतो. त्यावर उपाय म्हणून 'डीप फ्रीझ'सारखी सॉफ्टवेअर वापरतात. मायक्रोसॉफ्टनेही २००७ साली 'विंडोज स्टेडीस्टेट' विनामूल्य उपलब्ध केले होते; २०१० अखेर ते देणे थांबवले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की दिवसभराची सारी उलथापालथ नाहीशी होते.

आपल्या जीवनाला असे बटण असते तर, असे कोणाला वाटणार नाही? काहींच्या मते ते आपल्याजवळ आहेच: प्रायश्चित्त संस्कार. शनिवारी पापनिवेदन, रविवारी कोरी पाटी, सोमवारी पुन्हा तेच. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

या संगणकात मूळ मजकुरावर काही लिहिलेच जात नाही. प्रत्येक बदल डिस्कवरील वेगळ्या जागेत वळवला जातो आणि पुन्हा सुरू होताना तो सोडून दिला जातो. म्हणजे तेथे बिघडलेले दुरुस्त होत नाही. मुळाला कशाचा स्पर्शच झालेला नसतो. म्हणूनच विद्यार्थ्याने दुपारभर खपून लिहिलेला निबंध तेथेच ठेवला, तर तोही व्हायरसबरोबर जातो.

माणूस असा घडलेला नाही. कृत्यांच्या पुनरावृत्तीतून सद्गुण आणि दुर्गुण मुरतात, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. आपले लिखाण मुळावरच होते, आणि दुसऱ्याच्या आयुष्यावरही. शेजाऱ्याची बदनामी केली, भावाचा जमिनीतील वाटा दाबला, तर पापक्षमा मिळाल्याने शेजाऱ्याचे नाव आपोआप उजळत नाही, की सातबारा बदलत नाही. पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने माजवलेली सारी अव्यवस्था दूर होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही आहे. जक्कयाने हे ओळखले होते. फसवून घेतलेले चौपट परत करण्याची त्याने तयारी दाखवली.

मग क्षमा अपुरी आहे काय? मुळीच नाही. पुसणारे यंत्र विसरते. क्षमा करणारा सारे जाणून जवळ घेतो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर व्रण तसेच होते. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला त्याने प्रीतीविषयी तीनदाच विचारले आणि त्याच्याच हाती आपली मेंढरे सोपवली.

संरक्षित संगणकात एखादी गोष्ट कायमची ठेवायची असेल, तर पासवर्ड देऊन आधी ते संरक्षण उतरवावे लागते. मग जे लिहिले जाईल ते टिकते. खरा पश्चात्ताप असाच असतो. ज्या मनाला पाप बोचत नाही, त्यात कृपाही मूळ धरीत नाही. म्हणून पापनिवेदन करून परतताना एक प्रश्न घरी न्यावा: कोणाचे काय परत करायचे अजून राहिले आहे?