आशा कशाची धरायची?



३ जून २०२० चा बुधवार आपल्या किनाऱ्यावरचा कोणीही विसरणार नाही. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा होता. काही तासांत चौल-रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत वाड्याच्या वाड्या झोपल्या. आजोबांनी लावलेले माड आणि पोफळी नातवांच्या डोळ्यांदेखत आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे चर्चची दारे मार्चपासूनच बंद होती. ती उघडली थेट १६ नोव्हेंबरला. मन मोकळे करायला वेदीसमोर जाऊन बसावे, तर तीही सोय नव्हती.

त्याच वर्षी आमच्या ओळखीच्या एका मावशींचे यजमान आजारपणात वारले. वाडी आधीच गेली होती. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, त्यामुळे आम्ही काही जण नंतर भेटायला गेलो. काय बोलावे सुचेना. शेवटी मी म्हणालो, "मावशी, धीर धरा. देवाच्या कृपेने सगळं पूर्वीसारखं होईल."

त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही रे बाबा. पूर्वीसारखं आता काही व्हायचं नाही. ते सोडून दुसरं काही सांगण्यासारखं असेल तर सांग."

माझ्याकडे दुसरे काही नव्हते. घरी परतताना जाणवले, की मी आशेच्या नावाखाली त्यांना असे आश्वासन देत होतो, जे पुरे करणे माझ्या हाती नव्हते आणि देवानेही कधी दिलेले नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. गेलेले परत येणार नसेल, तर ख्रिस्ती माणसाने आशा कशाची धरायची?

अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा. येशूविषयी बोलताना ते आपली आशा भूतकाळात सांगतात. ती होती, आता उरलेली नाही. प्रभू त्यांना रागावत असला तरी सोडून जात नाही. तो त्यांच्या पावलाने चालतो, त्यांचे सगळे ऐकून घेतो आणि मग भाकरी मोडताना त्यांना ओळख पटते. पण गालिलातले जुने दिवस काही तो परत देत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रणही तसेच राहिले. इस्टरने गुड फ्रायडे पुसून टाकला नाही. त्याच्या पुढे वाट काढली.

जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याची एक गोष्ट आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि यिर्मया स्वतः राजाच्या कैदेत होता. अशा वेळी त्याने आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ गावचे शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले. साक्षीदार बोलावून खरेदीखत केले आणि ते टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. शत्रू दारात असताना जमीन कोण घेतो? लोक हसले असतील. पण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे घेतले जातील, हा देवाचा शब्द त्याने खरा मानला. त्या शेतातले पीक त्याला स्वतःला मिळाल्याचे बायबल सांगत नाही. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले. तरीही त्याने पैसे मोजले. आशा त्याने बोलून दाखवली नाही, करून दाखवली.

हे फार दूरचे वाटत असेल, तर आपल्याच खाडीकडे पाहू या. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन केला आणि ते निघून गेले. रेवदंड्याच्या कोटात त्या काळच्या चर्चच्या पडक्या भिंती आणि सातखणी मनोरा आजही माडांच्या गर्दीत उभे आहेत. ज्यांच्या सत्तेच्या आधाराने ती चर्च बांधली गेली, ते गेले. पण साधी, कष्टकरी ख्रिस्ती माणसे मागे राहिली. कुंडलिकेच्या दक्षिण तीरावर, कोर्लईत, त्यांनी श्रद्धा जपली आणि पोर्तुगीज भाषेतून घडलेली आपली घरची बोलीही जपली. ती बोली तिथे आजही ऐकू येते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेची भाषाही बदलली. एकामागून एक बदल आले. जुने चौल काही परत आले नाही. तरी श्रद्धा मात्र आईकडून लेकराकडे जात राहिली.

आता त्या मावशींविषयी. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पोफळीची रोपे लावली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे तरी लागतात. "या वयात कशाला?" असे कोणी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी खाल्लेली सुपारी काय मी लावली होती?"

पण एक अडचण होती. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. पूर्वी उंच माडांची सावली असे, ते माड तर वादळात गेले. म्हणून मावशींनी आधी केळी लावल्या. केळ भराभर वाढते, सावली धरते, आणि पोफळ सावरली की आपण बाजूला होते. आळी करायला, पाणी घालायला शेजारची पोरे येत होती. आज ती रोपे माणसाच्या उंचीच्या वर गेली आहेत.

त्या दिवशी मला जे सांगता आले नाही, ते मावशींच्या वाडीने मला शिकवले. पूर्वीचे परत मिळेल, ही आपली आशा नाही. देव या उजाड जागेतही आपल्याला सोडणार नाही, हा विश्वास धरून आज एक रोप लावणे ही आपली आशा आहे. आणि ज्याला अजून रोप लावण्याचेही बळ नाही, त्याला उपदेश नको असतो, सावली हवी असते.

आपल्या धर्मग्रामात कोणाची नोकरी गेली असेल, कोणाचे माणूस गेले असेल, कोणाची मुले परदेशी जाऊन घर रिकामे झाले असेल. या रविवारी मिस्सानंतर लगेच घरी न जाता अशा एका घरी जाऊ या. सगळे पूर्वीसारखे होईल, असे मात्र म्हणू नका. थोडा वेळ बसा, त्यांचे ऐका, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

अम्माऊसच्या वाटेवर आपल्याबरोबर चालणारा प्रभू आपणां सर्वांस केळीसारखी सावली होण्याची कृपा देवो. आमेन.