मद्याचा संशय

मोहाच्या दारूशीं परिचित अशा आमच्या सानगडीच्या बाजूस कोणी मनुष्य रस्त्यावर झोकांड्या खातांना दिसला, कीं त्याला काय झालें आहे हें कोणी पुसत नाहीं. निदान आधींच ठरलेलें असतें. पण मधुमेही मनुष्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं फार उतरली, तरीहि पाय लटपटतात, जीभ अडखळते. मेंदूचें अन्नच तुटलेलें असतें.

१९८४ सालीं अमेरिकेंतील शार्लट शहरीं डेथॉर्न ग्रॅहम हा असाच रोगी संत्र्याच्या रसासाठीं दुकानांत शिरला व लांब रांग पाहून लगबगीनें परतला. संशय येऊन पोलिसांनीं त्याला अडविलें. हा केवळ प्यालेला आहे, असें म्हणून बेड्या घातल्या. पाकिटांतील मधुमेहाची चिठ्ठी पाहिली नाहीं, मित्रानें आणलेला रसहि घेऊं दिला नाहीं. झटापटींत त्याचें पाऊल मोडलें. शिपायाचें बळ वाजवी होतें कीं नाहीं, हें त्या जागीं असलेल्या समंजस शिपायाच्या नजरेनें ठरवावें, असा दंडक तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं घातला. दंडक रास्त आहे. घाईंत कोणाचीहि नजर चुकते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तर १९७१ सालींच, तोंडाचा वास व लटपटती चाल एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाहीं, असें म्हटलें आहे.

मला खुपते ती चूक नव्हे, ती न पाहिलेली चिठ्ठी. मनुष्य दारुडा ठरला कीं त्याचा शब्द बाद होतो. ‘मी आजारी आहें’ हें वाक्यहि नशेंतच जमा होतें. आणि समजा, तो खरोखरच प्यालेला असता! पेलाभर रसानें कायद्याचें काय बिघडलें असतें? शिवाय दारूनेंहि रक्तांतील साखर उतरते. प्यालेला आणि रोगी हा एकच मनुष्य असूं शकतो. नशा उतरेपर्यंत त्याला कोठडींत पडूं द्यावें, हा रिवाज अशा वेळीं प्राणावर बेततो.