बशीवरची लढाई

युद्धचित्रांनी नटलेल्या भांड्यांतून खाणेपिणे नीतीला धरून आहे काय? प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. अठराव्या शतकात जर्मनीतील माइसेन येथे चिनी मातीच्या कपबशांवर घोडदळाच्या चकमकी रंगवीत. लंडनच्या अ‍ॅप्स्ली हाउसमध्ये प्रशियाच्या राजाने ड्यूक ऑफ वेलिंग्टनला १८१९ साली भेट दिलेला बर्लिनचा संच आहे. त्यातील ६४ बशांवर ड्यूकचे आयुष्य चितारले असून त्यात त्याचा हिंदुस्थानातील काळही आला आहे. त्या काळाचे नाव आपल्या लेखी असई, भोकरदनजवळचे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे एकट्या इंग्रजी फौजेचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. शिंदे-भोसल्यांचे त्याहून अधिक. बशा मात्र जेवणानंतरच्या गोड पदार्थांसाठी!

चित्रकाराला मी दोष देत नाही. माझी कसोटी एवढीच की, चित्रात जो हरला त्याच्या वंशजापुढे ती बशी ठेवता येईल का?

हीच कसोटी आपल्यालाही लागते. १६६४ आणि १६७० च्या सुरतेवरील स्वाऱ्या पांडेसऱ्यातील आपल्या घरांत मुलांना अभिमानाने सांगितल्या जातात. शाइस्तेखानाच्या मुक्कामाने पुणे प्रांत उजाड झाला होता, खजिना भरणे भागच होते, हे मी मानतो. तरी शेजारच्या सुरती कुटुंबाबरोबर चहा घेताना ती हकीकत त्याच सुरात निघत नाही. सांगतो मी तेव्हाही. फक्त लुटल्या गेलेल्या पेढ्यांपासून सुरुवात करतो.